विकास-सहकार्य आणि किनाऱ्यावरील माणूस

विषयाची मांडणी

दुसऱ्या महायुद्धानंतर जागतिक राजकारणात ज्या नव्या कल्पना रूढ झाल्या, त्यांत ‘विकास-सहकार्य’ ही एक प्रमुख कल्पना होय. एका देशाने दुसऱ्या देशाला पैसा, यंत्रसामग्री व तज्ज्ञ पुरवावेत आणि त्यायोगे तेथील दारिद्र्य, रोगराई व अज्ञान कमी व्हावे, असा तिचा साधा आशय. आरंभी या व्यवहारात दोनच पक्ष मानले जात: देणारे सरकार आणि घेणारे सरकार. संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्था या दोहोंमध्ये दुवा म्हणून उभ्या असत. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप करावयाचा, तो शेतकरी, विणकर किंवा मच्छीमार या व्यवहारात पक्ष म्हणून कोठेच नसे. त्याची गणना ‘लाभार्थी’ या एका शब्दात होई.

या दोन पक्षांच्या जोडीला पुढे तिसरा पक्ष आला. इंग्रजीत त्याला ‘सिव्हिल सोसायटी’ म्हणतात आणि मराठीत ‘नागरी समाज’ हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. हा प्रतिशब्द काहीसा फसवा आहे, हे आरंभीच सांगितले पाहिजे. येथे ‘नागरी’ म्हणजे शहरी नव्हे. राज्यसंस्था आणि बाजार यांच्या बाहेर राहून लोक स्वेच्छेने ज्या संघटना उभारतात, त्या सर्वांचा समावेश या संज्ञेत होतो. कामगार संघटना, सहकारी चळवळी, धर्मादाय संस्था, महिला मंडळे, संशोधन केंद्रे आणि किनाऱ्यावरील मच्छीमारांची समिती, या सगळ्याच तिच्या कक्षेत येतात.

या संघटना विकास-सहकार्यात नेमके काय करतात? याचे नेहमीचे उत्तर असे, की त्या देणगीदारांचा पैसा गरजूंपर्यंत पोचवतात. हे उत्तर खोटे नाही, पण ते अपुरे आहे. पोचवणाऱ्याचे काम टपालवाल्याचे असते. पत्रात काय लिहावे हे तो ठरवत नाही. प्रस्तुत प्रकरणात आपण असे एक उदाहरण पाहणार आहोत, की ज्यात पत्रातील मजकूर बदलण्याचा प्रयत्न झाला. हे उदाहरण लहान मच्छीमारांचे असून त्याचे बरेचसे धागे मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नई शहरात येऊन मिळतात. गोवा आणि कोकण यांच्याशीही त्याचा जवळचा संबंध आहे.

मदतीतून निर्माण झालेला पेच

१७ ऑक्टोबर १९५२ रोजी भारत सरकार, नॉर्वे सरकार आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात नवी दिल्ली येथे एक त्रिपक्षीय करार झाला. त्यातून ‘इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प’ उभा राहिला. परक्या देशाला विकासासाठी मदत करण्याचा नॉर्वेचा हा पहिलाच प्रयत्न होता. त्रावणकोर-कोचीन संस्थानाचे जे राज्य तेव्हा अस्तित्वात होते, त्यातील कोल्लमजवळच्या नीण्डकरा परिसरातील मच्छीमार वस्त्या या कामासाठी निवडण्यात आल्या. उद्देश स्तुत्य होता. मच्छीमारांचे उत्पन्न वाढावे, ताज्या मासळीचे वाटप सुधारावे, वस्त्यांना आरोग्यसेवा व शुद्ध पाणी मिळावे, असे त्याचे स्वरूप होते. आरोग्य केंद्र निघाले, बर्फाचा कारखाना निघाला, यंत्र बसवलेल्या होड्या बांधल्या गेल्या.

परंतु पुढे या योजनेला एक अनपेक्षित वळण मिळाले. कोळंबीला अमेरिका व जपान येथे मोठी मागणी निर्माण झाली. समुद्रतळ खरवडत जाणारे ट्रॉल जाळे आणि यंत्राची होडी यांच्या जोडीने कोळंबी विपुल मिळू लागली. साहजिकच ज्यांच्याजवळ भांडवल होते, पण ज्यांनी कधी समुद्रात पाऊल टाकले नव्हते, अशा लोकांचा पैसा या धंद्यात शिरला. ज्या पारंपरिक मच्छीमाराच्या उन्नतीसाठी प्रकल्प सुरू झाला होता, तो वल्ह्याची होडी घेऊन त्याच पाण्यात, त्याच मासळीसाठी, यंत्राच्या होडीशी स्पर्धा करू लागला. १९७२ मध्ये प्रकल्प भारत सरकारच्या हाती पूर्णपणे सोपवला गेला, तेव्हा निर्यातीचे आकडे उंचावले होते. त्याच दशकात लहान मच्छीमारांच्या जाळ्यात मात्र पूर्वीइतकी मासळी येईनाशी झाली. त्रिवेंद्रमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेतील अर्थशास्त्रज्ञ जॉन कुरियन यांनी या स्थित्यंतराचा बारकाईने अभ्यास केला आहे.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. नॉर्वेचे तज्ज्ञ अप्रामाणिक होते असे नाही, आणि भारतीय अधिकारी बेफिकीर होते असेही नाही. उणीव व्यवस्थेच्या रचनेतच होती. मासळीचे उत्पादन वाढले की मच्छीमाराचे उत्पन्न वाढेल, असे गृहीत धरण्यात आले होते. समुद्र कोणाचा, कोणी कोठे व कोणत्या जाळ्याने मासे धरावेत, पकडलेल्या मासळीवर मालकी कोणाची, हे प्रश्न कोणी विचारले नाहीत. ज्यांना ते विचारता आले असते, ते कराराच्या मेजावर नव्हते.

मद्रासचा किनारा आणि गोव्याची रापण

कोरोमंडलच्या किनाऱ्यावर लाटा थेट वाळूवर येऊन फुटतात. नैसर्गिक आसरा असा थोडाच. अशा किनाऱ्यासाठी तामिळ मच्छीमारांनी कट्टुमरम ही नौका घडवली. ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम’ म्हणजे लाकूड. हलके ओंडके दोराने एकत्र बांधून ती तयार होते. लाट अंगावर आली तरी पाणी फटींतून निघून जाते, आणि किनाऱ्यावर आल्यावर दोर सोडून ओंडके वाळत घालता येतात. इंग्रजीतील ‘कॅटमरान’ हा शब्द याच नावावरून आला. मद्रासच्या किनाऱ्यावर १९७० नंतरच्या दशकात कट्टुमरमवाले आणि ट्रॉलरवाले यांच्यात वारंवार चकमकी झाल्या. ट्रॉलरच्या फेऱ्यात लहान मच्छीमारांची जाळी फाटत. जाळे म्हणजे त्या कुटुंबाचे सारे भांडवल; ते गेले की नवे कर्ज काढल्यावाचून गत्यंतर नसे.

त्याच सुमारास गोव्यात हाच संघर्ष दुसऱ्या नावाने पेटला होता. कोकणच्या वाचकाला रापण परिचित आहे. किनाऱ्याजवळ अर्धवर्तुळाकार जाळे टाकून गावातील अनेक माणसांनी मिळून ते ओढायचे आणि आलेली मासळी ठरल्या वाट्यांनी वाटून घ्यायची, अशी ही पद्धत. ट्रॉलर किनाऱ्यालगत येऊ लागले तसे रापणीचे उत्पन्न घटले. रापणकारांनी आंदोलन उभारले. माथानी साल्ढाणा हे त्यांचे एक प्रमुख नेते. ते पेशाने शिक्षक होते आणि पुढे गोव्याच्या मंत्रिमंडळातही त्यांनी काम केले.

१९७८ मध्ये निरनिराळ्या किनाऱ्यांवरील मच्छीमार संघटना मद्रास येथे एकत्र आल्या. कट्टुमरम व देशी होड्यांच्या मच्छीमारांचे हक्क आणि सागरी संपत्ती यांच्या रक्षणासाठी त्यांनी एक राष्ट्रीय मंच स्थापन केला आणि त्याचे नेतृत्व साल्ढाणा यांच्याकडे आले. हाच मंच पुढे ‘नॅशनल फिशवर्कर्स फोरम’ या नावाने ओळखला जाऊ लागला. गोव्याचा रापणकार आणि मद्रासचा कट्टुमरमवाला यांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण गाऱ्हाणे एकच होते. या मंचाच्या मागण्या साध्या होत्या: किनाऱ्यालगतचा पट्टा लहान होड्यांसाठी राखून ठेवावा, आणि प्रजननाच्या हंगामात ट्रॉलरना बंदी असावी.

या मागण्यांना काही प्रमाणात यश आले. आपल्या राज्यघटनेप्रमाणे किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतच्या प्रादेशिक जलधीतील मासेमारी हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. गोवा व केरळ येथे १९८० मध्ये, महाराष्ट्रात १९८१ मध्ये आणि तामिळनाडूत १९८३ मध्ये सागरी मासेमारीचे नियमन करणारे कायदे झाले. तामिळनाडूच्या कायद्याने किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांचा पट्टा यांत्रिक होड्यांना वर्ज्य केला. केरळने १९८८ मध्ये पावसाळ्यातील ट्रॉलबंदी जारी केली. कायदा होणे आणि तो पाळला जाणे यांतील अंतर मोठे असते, हे खरेच. तथापि, मच्छीमार केवळ मदतीचे पात्र नसून नियम ठरवण्याच्या कामातील एक पक्ष आहे, ही गोष्ट या कायद्यांनी प्रथमच मान्य केली.

रोममधील दोन परिषदा

१९८४ च्या जून-जुलैमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेने रोम येथे मत्स्यव्यवस्थापन व विकास या विषयावर जागतिक परिषद भरवली. सरकारांचे प्रतिनिधी व तज्ज्ञ तेथे जमले. मच्छीमारांना स्वतः बोलण्याची जागा तेथे नव्हती. म्हणून त्याच शहरात, त्याच दिवसांत, मच्छीमार आणि त्यांचे पाठीराखे यांची दुसरी परिषद भरली. चौतीस देशांतून सुमारे शंभर माणसे तीस आली होती. आशियातील, आफ्रिकेतील, लॅटिन अमेरिकेतील आणि युरोपातील मच्छीमार परस्परांना प्रथमच भेटत होते. ट्रॉलरची तक्रार आपल्याच किनाऱ्याची नाही, हे त्यांना तेथे उमगले.

या भेटीतून नोव्हेंबर १९८६ मध्ये त्रिवेंद्रम येथे ‘इंटरनॅशनल कलेक्टिव्ह इन सपोर्ट ऑफ फिशवर्कर्स’ या संघटनेची स्थापना झाली. तिची नोंदणी जिनिव्हा येथे आहे आणि कार्यालय चेन्नईत. पुढील विवेचनात आपण तिला ‘समर्थक संघटना’ म्हणू. कारण तिच्या नावातच तिचे मर्म आहे. ही मच्छीमारांची संघटना नव्हे. संशोधक, समाजकार्यकर्ते, सहकारी चळवळीतील माणसे, शिक्षक अशा मच्छीमारांच्या पाठीराख्यांची ती संघटना आहे. मच्छीमारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार ती सांगत नाही. तो अधिकार मच्छीमारांच्या स्वतःच्या संघटनांचा आहे, आणि त्यांना बोलता यावे म्हणून माहिती, भाषांतर, दस्तऐवज व प्रवेश मिळवून देणे एवढेच आपले काम, अशी तिची भूमिका राहिली आहे.

हा भेद वरवर सूक्ष्म वाटेल, पण या विषयाच्या मुळाशी तोच आहे. आंतरराष्ट्रीय सभागृहात इंग्रजी बोलणारा, कागदपत्रे जाणणारा, विमानप्रवासाला सरावलेला माणूस सहज पोचतो. किनाऱ्यावरील मच्छीमार सहसा पोचत नाही. म्हणून जो पोचतो तोच प्रतिनिधी ठरतो, आणि ज्याचा प्रश्न असतो तो पुन्हा घरीच राहतो. आपण प्रतिनिधी नाही, हे ज्या संघटनेने स्वतःच ठरवून टाकले, तिला दुसऱ्यासाठी दार उघडून देणे भागच होते.

१९९७ मध्ये नवी दिल्ली येथे अनेक देशांच्या मच्छीमार संघटनांनी आपला स्वतःचा जागतिक मंच स्थापन केला. २००० मध्ये फ्रान्समधील लोक्तुदी येथे झालेल्या सभेत त्याचे दोन मंच झाले. नागरी समाज म्हणजे एकमुखी समूह नव्हे. त्यातही मतभेद असतात, नेतृत्वाचे वाद असतात, श्रीमंत आणि गरीब देशांतील मच्छीमारांचे हितसंबंधही सर्वत्र जुळत नाहीत. फुटीची ही नोंद लपवण्याचे कारण नाही.

कागदावरील शब्दांची किंमत

समर्थक संघटनेचे काम बव्हंशी कागदाचे आहे. ‘समुद्र’ या नावाचे तिचे नियतकालिक इंग्रजी, फ्रेंच व स्पॅनिश भाषांत निघत आले आहे. मासळीच्या व्यवसायातील स्त्रियांविषयी ‘येमाया’ हे वार्तापत्र १९९९ पासून सुरू झाले. अशा कागदी कामाने कोणाचे पोट भरते, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर एका उदाहरणाने देता येईल.

मासेमारी म्हटली की होडीत बसलेला पुरुष डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात पकडलेली मासळी निवडणे, सुकवणे, खारवणे, टोपलीत भरून बाजारात नेणे, विकणे ही कामे किनाऱ्या-किनाऱ्यावर स्त्रिया करतात. मुंबईच्या बाजारातील कोळीण काय, चेन्नईच्या रस्त्यावरील मासळीवाली काय, दोघींची स्थिती एकच. सरकारी व्याख्येत ‘मच्छीमार’ म्हणजे मासे धरणारा असा अर्थ झाला, की या स्त्रिया योजनेबाहेर पडतात: त्यांना ओळखपत्र नाही, कर्ज नाही, बंदीच्या काळातील अनुदान नाही. एका शब्दाची व्याख्या बदलली तर लाखो स्त्रिया हिशेबात येतात. आंतरराष्ट्रीय दस्तऐवजातील शब्दांसाठी वर्षानुवर्षे झगडावे लागते, ते यासाठी.

अशा झगड्याचे सर्वांत मोठे फळ २०१४ मध्ये मिळाले. त्याचा क्रम असा. ऑक्टोबर २००८ मध्ये बँकॉक येथे लहान मासेमारीविषयी जागतिक परिषद झाली. तिच्या अगोदर मच्छीमार संघटनांनी आपली स्वतंत्र बैठक घेऊन आपले निवेदन तयार केले आणि ते परिषदेपुढे मांडले. १९८४ मध्ये ज्यांना बाहेर सभा भरवावी लागली होती, ते आता आत बसले होते. २०११ मध्ये अन्न व कृषी संघटनेच्या मत्स्यव्यवसाय समितीने लहान मासेमारीसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे तयार करण्यास संमती दिली. त्यानंतरच्या सल्लामसलतीत १२० हून अधिक देशांतील ४,००० हून अधिक लोकांनी भाग घेतला. त्यांत सरकारी प्रतिनिधी होते, संशोधक होते आणि मच्छीमारही होते. वीसहून अधिक राष्ट्रीय बैठका तर नागरी संघटनांनीच घेतल्या. मसुद्यावर सरकारांच्या वाटाघाटी मे २०१३ आणि फेब्रुवारी २०१४ अशा दोन फेऱ्यांत झाल्या. अखेरीस जून २०१४ मध्ये रोम येथील अधिवेशनात ही तत्त्वे मान्य करण्यात आली. केवळ लहान मासेमारीला वाहिलेला असा आंतरराष्ट्रीय दस्तऐवज यापूर्वी नव्हता.

या तत्त्वांचा आशय थोडक्यात असा आहे. समुद्र व किनारा यांवरील लहान मच्छीमारांचे वहिवाटीचे हक्क मानले जावेत. त्यांना बाजूला सारून त्यांच्या जागेचा दुसरा वापर करण्यापूर्वी त्यांच्याशी विचारविनिमय व्हावा. शिक्षण, आरोग्य व सामाजिक सुरक्षा यांचा लाभ त्यांना मिळावा. मासळी पकडल्यानंतरच्या कामांना मासेमारीइतकेच महत्त्व द्यावे. स्त्रियांना निर्णयात बरोबरीचे स्थान असावे. आणि आपत्ती व हवामानबदल यांच्या योजनांत या वस्त्यांचा विचार व्हावा. मासळीच्या उत्पादनापासून सुरू झालेला विचार या दस्तऐवजात माणसाच्या हक्कांपर्यंत आला.

या सर्व प्रक्रियेत चेन्नईच्या कार्यालयाच्या कार्यकारी सचिव चंद्रिका शर्मा यांचा वाटा फार मोठा होता. मार्च २०१४ मध्ये मंगोलियाच्या राजधानीत अन्न व कृषी संघटनेची आशिया-पॅसिफिक विभागीय परिषद होती. तीसाठी त्या निघाल्या होत्या. ८ मार्च २०१४ रोजी क्वालालंपूरहून बीजिंगकडे निघालेल्या ज्या विमानाचा पुढे माग लागला नाही, त्यातील २३९ जणांत त्या होत्या. तीन महिन्यांनी तत्त्वे मान्य झाली, आणि ती त्यांच्या कार्याच्या स्मरणार्थ अर्पण करावीत असे त्या अधिवेशनातच सुचवण्यात आले. सरकारांच्या दस्तऐवजावर एखाद्या स्वयंसेवी संघटनेच्या कार्यकर्तीचे नाव क्वचितच येते.

त्सुनामीची कसोटी

२६ डिसेंबर २००४ च्या सकाळी त्सुनामीने कोरोमंडलचा किनारा झोडपला. तामिळनाडूत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांतील बहुसंख्य एकट्या नागपट्टिनम जिल्ह्यातील होती. जगभरातून मदतीचा ओघ सुरू झाला. थोड्याच दिवसांत या जिल्ह्यात इतक्या संस्था येऊन पोचल्या, की कोण कोठे काय करीत आहे याचा मेळ लागेना. तेव्हा किनाऱ्यावर पूर्वीपासून काम करणाऱ्या काही संघटनांनी जिल्हा प्रशासनाच्या सहकार्याने एक समन्वय केंद्र उघडले. दक्षिण भारतातील मच्छीमार सहकारी संस्थांचा महासंघ आणि ‘स्नेहा’ ही स्थानिक महिला संघटना यांचा त्यात पुढाकार होता. कोणत्या गावात कशाची गरज आहे आणि कोणती संस्था ती भागवू शकते, याची नोंद ठेवणे हे त्याचे मुख्य काम. हे काम दिसावयास लहान, पण त्यावाचून मदतीचा उपयोग झाला नसता.

याच आपत्तीत नागरी संघटनांचे दोषही उघडे पडले. होडी ही डोळ्यांना दिसणारी वस्तू. तिचे छायाचित्र काढता येते, तिच्यावर देणगीदाराचे नाव रंगवता येते. म्हणून अनेक संस्थांनी होड्याच वाटल्या. कित्येक गावांत फायबरच्या होड्या गरजेपेक्षा अधिक झाल्या. त्यांवर काम करावयास माणसे अपुरी पडू लागली आणि मासळीवरील ताण वाढला. कट्टुमरमची जागा झपाट्याने या होड्यांनी घेतली. दुसरीकडे, ज्यांची होडी नव्हतीच अशा मासळीविक्रेत्या स्त्रिया, शेतमजूर आणि किनाऱ्यालगतचे दलित यांचे नुकसान कोणाच्या यादीत सहजासहजी बसेना. मच्छीमारांच्या पारंपरिक ग्रामपंचायतींमार्फत मदतवाटप केले, तर या लोकांपर्यंत ती पोचत नाही, अशा तक्रारी ठिकठिकाणी झाल्या. ज्या पंचायती एरवी किनाऱ्याच्या बाजूने खंबीरपणे उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्याच रचनेत स्त्रियांना व दलितांना स्थान नव्हते.

जानेवारी २००७ मध्ये समर्थक संघटनेने चेन्नई येथे त्सुनामीनंतरच्या पुनर्वसनाविषयी एक विभागीय कार्यशाळा घेतली. आपत्ती ओसरल्यावर जमून झालेल्या कामाची चिकित्सा करणे हेही नागरी समाजाचेच काम होय. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही ते सहसा रुचत नाही.

तीन भूमिका आणि त्यांच्या मर्यादा

आतापर्यंतच्या विवेचनावरून विकास-सहकार्यातील नागरी संघटनांच्या तीन भूमिका वेगळ्या काढता येतील. पहिली सेवेची: मदत पोचवणे, समन्वय साधणे, सहकारी संस्था चालवणे. दुसरी साक्षीची: मदतीचा प्रत्यक्ष परिणाम काय झाला हे पाहणे, नोंदवणे आणि बोलून दाखवणे. तिसरी नियम घडवण्याची: ज्यांच्यावर निर्णय लादले जातात, त्यांना निर्णयाच्या जागी नेणे. पहिलीची प्रशंसा सर्वत्र होते. दुसरी आणि तिसरी यांबाबत सरकारे व देणगीदार बहुधा सावध असतात. या संघटना स्वतःच्या अधिकाराने विकासाच्या कर्त्या आहेत, असे २००८ मध्ये आक्रा येथील आंतरराष्ट्रीय बैठकीत सरकारांनी मान्य केले, आणि २०१० मध्ये इस्तंबूल येथे संघटनांनी आपल्या कामासाठी स्वतःची तत्त्वे ठरवली. तरीही हा प्रश्न मिटला असे म्हणता येत नाही.

मर्यादा मुख्यतः तीन आहेत. पहिली पैशाची. परदेशातून पैसा घेणाऱ्या भारतीय संस्थांवर १९७६ पासून विदेशी अंशदान कायद्याचे नियंत्रण आहे. २०१० मध्ये नवा कायदा झाला आणि २०२० मध्ये त्यात महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. एका संस्थेने परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देण्यास त्या दुरुस्तीने मनाई केली, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून वीस टक्क्यांवर आणली. परक्या पैशाचा हिशेब चोख असावा, यात दुमत नाही. परंतु मोठ्या संस्थेकडून किनाऱ्यावरच्या छोट्या मंडळाकडे जाणारा ओघ यामुळे बंद झाला. आणि ज्या कामात इमारत किंवा होडी नसून माणसांचे पगार, प्रवास व छपाई हाच मुख्य खर्च असतो, ते साक्षीचे काम चालवणे अधिक अवघड झाले. यातून निघणारा धडा असा, की केवळ परदेशी निधीवर उभी असलेली संघटना भक्कम नसते. मच्छीमारांच्या वर्गणीवर चालणारा संघ गरीब असला तरी तो बंद करणे कठीण.

दुसरी मर्यादा कायदेशीर बळाची. २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वे ऐच्छिक आहेत. एखाद्या सरकारने ती पाळली नाहीत तर त्याला न्यायालयात खेचता येत नाही. त्यांचे बळ नैतिक आहे, आणि ते वापरणाऱ्याच्या चिकाटीवर अवलंबून आहे. तिसरी मर्यादा प्रतिनिधित्वाची. संघटना कोणाच्या नावाने बोलते, आणि ज्यांच्या नावाने बोलते त्यांना तिला जाब विचारता येतो का, हा प्रश्न प्रत्येक संघटनेला पुन्हा पुन्हा विचारला गेला पाहिजे.

समारोप

हा सारा इतिहास दूरच्या किनाऱ्याचा वाटू नये. सिंधुदुर्गात मालवणच्या किनाऱ्यावर रापणकार आणि पर्ससीन जाळीवाले यांच्यातील संघर्ष मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. महाराष्ट्र शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले आणि २०२१ मध्ये १९८१ च्या कायद्यात दुरुस्ती केली. तरीही तो संघर्ष संपला नाही. १९७८ मध्ये गोव्याचा रापणकार मद्रासला गेला, तेव्हा जो प्रश्न त्याने बरोबर नेला होता, तोच आज मालवणात उभा आहे: समुद्र सर्वांचा आहे असे म्हणताना ‘सर्वांत’ कोणाकोणाची गणना होते?

नीण्डकऱ्याचा प्रकल्प आणि रोमचा दस्तऐवज यांच्यामध्ये बासष्ट वर्षे गेली. या काळात विकास-सहकार्याने शिकण्यासारखी मुख्य गोष्ट शिकली असेल, तर ती ही, की मदत किती द्यावी यापूर्वी ती कोणाला विचारून द्यावी हे ठरले पाहिजे. ही गोष्ट सरकारांनी आपण होऊन शिकलेली नाही. फाटलेली जाळी घेऊन किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या माणसांनी आणि त्यांच्या पाठीशी चिकाटीने कागद लिहीत राहिलेल्या थोड्या लोकांनी ती शिकवली. शिकवण्याचे ते काम अजून पुरे झालेले नाही.